कानातील अनाकलनीय संवेदना

बाहेर कसलाही आवाज नसताना कानात गुणगुण, शीळ किंवा रातकिड्यांची किरकिर ऐकू येणे, कानांना दडे बसणे, आत टकटक किंवा फडफड होणे, ठणका लागणे, स्वतःचाच आवाज कानात घुमणे अशा तक्रारी, ज्यांचे कारण पहिल्या तपासणीत सापडत नाही. यांपैकी कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात नाद ऐकू येणे, सर्वांत जास्त आढळतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले असून त्यांत कर्णशूल (कानाचा ठणका), कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड (कानातील बासरीसारखा आवाज) यांची गणना स्वतंत्र केली आहे. जगभरातील पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनादाचा अनुभव येतो आणि सुमारे २ टक्के लोकांना तो तीव्र स्वरूपात छळतो.

अशा रुग्णाला ‘कानात काहीच नाही’ हे उत्तर वारंवार मिळते. ते अपुरे आहे. डॉक्टरांच्या उपकरणातून बाह्यनलिका आणि पडदा दिसतो. त्यापलीकडचा अंतर्कर्ण कवटीच्या अतिशय कठीण हाडात दडलेला असतो. तेथील शंखाकृती नलिकेत ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार रोमपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तरुण कानाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, पण नेहमीची श्रवणचाचणी ८,००० हर्ट्‌झला थांबते. त्यामुळे वरच्या पट्टीतली हानी नोंदलीच न जाता अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. कानाकडून येणारे संदेश घटले की मेंदूतील श्रवणमार्ग आपली संवेदनशीलता वाढवतात आणि त्यातूनच नाद उमटतो, असे आज बहुसंख्य संशोधक मानतात. हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ मध्ये ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतील ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. म्हणजे नाद निर्माण होण्याची सोय निरोगी माणसातही असते. काहींच्या वाट्याला मात्र तो दिवसरात्र येतो. चेक संगीतकार बेद्रिख स्मेताना १८७४ मध्ये बहिरे झाले. १८७६ च्या आपल्या तंतुवाद्य-चौकडीच्या अखेरच्या भागात त्यांनी व्हायोलिनचा एक उंच, लांबलेला स्वर घातला. आपल्या कानात वाजणारा नाद त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला तो असा.

कारणाचा शोध यंत्रापेक्षा प्रश्नांपासून सुरू झाला तर लवकर मार्गी लागतो. आवाज एका कानात की दोन्ही? नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का? जबडा हलवला, मान वळवली की बदलतो का? नाडीच्या तालावर येणारा आवाज रक्तप्रवाहाशी जोडलेला असतो. त्यामागे रक्तक्षय, कवटीतील वाढलेला दाब, शिरेतील दोष किंवा मध्यकर्णातील रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, म्हणून त्याची तपासणी टाळू नये. एकाच कानातील सततच्या नादासाठी श्रवणचेतेवरील गाठ नाही ना, हे एमआरआयने पाहतात. ताल नसलेली टकटक मध्यकर्णातील इवल्या स्नायूंच्या आचक्यांमुळे होऊ शकते. झोपेत दात खाणाऱ्यांचा जबड्याचा सांधा दुखावला की दुखणे कानात जाणवते. वजन झपाट्याने उतरलेल्या माणसात घसा आणि मध्यकर्ण जोडणारी नळी उघडीच राहू शकते. मग आपला श्वास कानात ऐकू येतो आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. ही शेवटची खूण रुग्ण आपणहून क्वचितच सांगतो, ती विचारावी लागते.

रुग्णाचे ऐकून घेणे किती मोलाचे, हे अंतर्कर्णातील ऊर्ध्व अर्धवर्तुळाकार नलिकेच्या विकाराने दाखवून दिले. काही लोकांना मोठ्या आवाजाने घेरी येते, स्वतःची पावले, चावणे, क्वचित डोळ्यांच्या बुबुळांची हालचालसुद्धा ऐकू येते. अशा माणसांवर मनोविकाराचा शिक्का बसणे सोपे होते. इटालियन शास्त्रज्ञ पिएत्रो तुल्यो यांनी १९२९ च्या सुमारास कबुतरांच्या अंतर्कर्णातील नलिकेला छिद्र पाडून ध्वनीने तोल जातो हे दाखवले होते. तरीही माणसातील कारण स्पष्ट व्हायला १९९८ साल उजाडले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी या नलिकेवरचे हाड काही जणांत नाहीसे झालेले असते, हे सीटी स्कॅनवर दाखवले. आता त्यावर शस्त्रक्रिया होते. त्याआधी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये प्रॉस्पेर मेन्येर यांनी भोवळ, बहिरेपण आणि नाद यांचे मूळ मेंदूत नसून अंतर्कर्णात असू शकते असे मांडले होते. तोपर्यंत अशा झटक्यांवर मेंदूत रक्त साचल्याचे निदान होई. कारण न सापडणे आणि कारण नसणे यांत अंतर आहे, हे या दोन्ही दाखल्यांवरून दिसते.

दुखणाऱ्या कानात काहीच न दिसण्याचे आणखी एक कारण महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवावे लागते. कानाला संवेदना पुरवणाऱ्या चेता दात, जीभ, टॉन्सिल, घसा आणि स्वरयंत्र यांच्याशीही जोडलेल्या असतात. तंबाखू, मिश्री किंवा गुटखा यांची सवय असलेल्या माणसाचा एकच कान दुखत राहिला आणि कान स्वच्छ दिसला, तर तोंड व घसा तपासलाच पाहिजे. घशाच्या कर्करोगाची ती सुरुवातीची खूण असू शकते.

काही कारणे जवळचीच असतात. पावसाळी दमट हवेत कानात बुरशी धरते आणि खाज सुटते. कानकोरण्याने किंवा काडीने मळ आणखी आत ढकलला जातो आणि दडा बसतो. पडदा फाटलेला असताना तेल घालणे घातक ठरते. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन व अमिकासिन ही इंजेक्शने, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन आणि मोठ्या मात्रेतील अ‍ॅस्पिरिन यांनीही कानात नाद सुरू होऊ शकतो. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीजवळ उभे राहिल्यावर रात्रभर वाजणारा कान हा हानीचा इशारा असतो.

इतके करूनही बऱ्याच जणांना ठोस कारण मिळत नाही. शोध एकदा नीट, क्रमाने व्हावा आणि मग थांबवावा. दर महिन्याला नवा डॉक्टर आणि नवा स्कॅन यांनी मन कानाकडेच खिळून राहते. लक्षणाचे रूप बदलले तर मात्र शोध पुन्हा सुरू करावा. कर्णनाद बरा करणारे खात्रीचे औषध नाही, तशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने नादही पुष्कळदा सौम्य वाटतो. त्रास आणि चिंता कमी करण्यात बोधात्मक वर्तनोपचाराचा उपयोग अभ्यासांतून दिसला आहे. अगदी शांत खोली टाळून पंख्याचा किंवा रेडिओचा हलका आवाज ठेवल्यास झोप लागायला मदत होते. घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाचा त्रास झिडकारू नये. श्रवणचाचणी आणि श्रवणयंत्रांसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक कमी झाले, मग सोबत नाद असो वा नसो, तर ती तातडीची अवस्था समजावी. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून मळ असेल, सर्दी असेल असे समजून थांबू नये, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.