लेखणी कोणाच्या मालकीची?

नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत संगणकशास्त्र शिकणारी मुले आपले प्रोग्रॅम ज्या साधनात लिहितात, त्यास एडिटर म्हणतात. एडिटर ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची पाटी आणि लेखणी होय. ती फुकट मिळते एवढ्यावर आपण संतुष्ट असतो. परंतु फुकट मिळालेली वस्तू आणि स्वतंत्र वस्तू ह्यांत फार अंतर आहे. गेल्या पन्नास वर्षांत हा धडा तीन वेळा गिरवला गेला. तोच वृत्तांत आज थोडक्यात निवेदन करण्याचे योजिले आहे.

पहिला प्रसंग ईमॅक्सचा. १९७६ साली अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील प्रभृतींनी हा एडिटर सिद्ध केला. तो घेणाऱ्यास अट एकच होती : आपण केलेली सुधारणा सर्वांस परत द्यावी. पुढे १९८१ मध्ये जेम्स गॉस्लिंग ह्यांनी युनिक्स यंत्रणेसाठी निराळा ईमॅक्स लिहिला. आरंभी तो मोकळेपणी वाटला गेला. नंतर त्याचे हक्क युनिप्रेस नामक कंपनीकडे गेले. स्टॉलमन ह्यांनी आपल्या नव्या ईमॅक्समध्ये त्यातील काही भाग घेतला होता. कंपनीने हरकत घेताच त्यांनी तो भाग काढून टाकला व त्या जागी स्वतःचे लेखन केले. १९८५ साली ग्नू ईमॅक्स प्रसिद्ध झाला, आणि ह्याच वाटेने पुढे १९८९ चा जी. पी. एल. हा परवाना अवतरला.

दुसरा प्रसंग व्हीआयचा. बिल जॉय ह्यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली येथे तो लिहिला. पण त्याचा पाया ए. टी. अँड टी. कंपनीच्या जुन्या 'ईडी' एडिटरचा असल्याने त्या कंपनीच्या परवान्यावाचून मूळ लेखन कोणास देता येईना. तेव्हा लोकांनी त्याच चालीचे एडिटर नव्याने रचले. त्यांपैकी ब्रॅम मूलेनार ह्यांचा व्हिम १९९१ मध्ये बाहेर पडला. मोबदल्यात त्यांनी एवढेच विनविले की, जमल्यास युगांडातील गरजू मुलांस साहाय्य करावे. मूळ व्हीआय २००२ साली बंधमुक्त झाला. तोवर व्हिम जगभर रूढ झालेला होता.

तिसरा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखतचा. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या एप्रिलात व्हीएस कोड जाहीर केला व नोव्हेंबरात त्याचे मूळ लेखन सर्वांस खुले केले. मात्र मायक्रोसॉफ्टकडून जी तयार प्रत उतरवून घ्यावयाची, तिचा परवाना निराळा आहे. शिवाय एडिटरला नवनवी सामर्थ्ये देणारी एक्स्टेन्शन ज्या बाजारातून मिळतात, त्याचे नियम असे की, ती मायक्रोसॉफ्टच्याच साधनांसह वापरावीत. खुल्या लेखनावरून व्हीएसकोडियम नावाची मुक्त प्रत तयार होते. तिला हा बाजार बंद आहे. २०२५ च्या एप्रिलात मायक्रोसॉफ्टचे सी आणि सी प्लस प्लस भाषांचे एक्स्टेन्शन अशा इतर एडिटरांत चालेनासे झाले. नियम पूर्वीचाच होता. अंमल मात्र तेव्हा जाणवला.

मग उपाय कोणता? मागल्या दाराने ती एक्स्टेन्शन आणणे हा नव्हे. त्यात नियमभंग आहे आणि परावलंबनही सुटत नाही. इक्लिप्स फाउंडेशन चालवीत असलेले ओपन व्हीएसएक्स हे खुले भांडार व्हीएसकोडियमला उपलब्ध आहे. सी भाषेसाठी एलएलव्हीएम प्रकल्पाचा क्लँगडी आहे. पायथनसाठी मायक्रोसॉफ्टचे पायलान्स बंधनात असले, तरी त्याच्या पोटातील पायराइट खुले आहे. सर्वच गोष्टी तंतोतंत मिळतील असे नाही. दूरच्या यंत्रावर काम करण्याच्या काही सोयींस मुकावे लागते. हे मूल्य समजून उमजून द्यावे.

येथे आपल्या मराठवाड्याचे एक स्मरण होते. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास बंदी झाली, तेव्हा शेकडो विद्यार्थी विद्यापीठाबाहेर पडले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांस प्रवेश दिला. त्या त्यागाशी एडिटर बदलण्याची बरोबरी कोणी करू नये. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. नागपूरचे दार उघडे होते म्हणून त्या मुलांचे शिक्षण चालू राहिले. दुसरे दार कोणीतरी अगोदर बांधून ठेवावे लागते.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस एवढेच सुचवावेसे वाटते : रोजचे काम हवे त्या एडिटरात करा, पण वर्षातून एखादा प्रकल्प संपूर्णपणे मुक्त साधनांवर पुरा करा, आणि त्यांत काही उणे आढळल्यास ते भरून काढण्यास हातभार लावा. ईमॅक्स आणि व्हिम ह्याच रीतीने वाढले.