गोधडीच्या पोटातला इतिहास

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक गोधडी उसवायला काढली. अम्माच्या हातची. अम्मा जाऊन आता बरीच वर्षे झाली. गोधडीचा वरचा पदर जीर्ण झाला होता, कडेची शिवण सुटली होती. मुलगी म्हणाली, "अब्बा, ही टाकायची नाही. आपण हिला नवं कापड लावू." त्यासाठी जुने टाके काढणे भाग होते. मी चष्मा लावून बसलो आणि ब्लेडने एकेक टाका कापू लागलो. दोन तासांचे काम वाटले होते, लागले चार दिवस. कारण त्या गोधडीच्या आतून आणखी एक गोधडी निघाली आणि तिच्याही आत आणखी एक.

आमच्या मराठवाड्यात ही जुनी रीत आहे. गोधडी फाटली म्हणून कोणी फेकत नाही. तिच्यावर एक लुगडे चढवायचे, खाली धोतर लावायचे, फाटल्या जागी ठिगळ द्यायचे आणि पुन्हा दोरा भरायचा. कुणी तिला वाकळ म्हणते, सीमाभागात कवदी म्हणतात. नाव बदलले तरी काम तेच.

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, सनदा, बखरी आठवतात. घरातल्या शिवणाचा इतिहास तसा सापडत नाही, कारण ही वस्तू वापरून संपवण्यासाठीच केलेली असते. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमध्ये पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी टसर रेशमाने भरतकाम केलेल्या रजया तयार होत. त्या जहाजाने युरोपात गेल्या आणि आज तिथल्या संग्रहालयांत आहेत. त्याच बंगालमधल्या बायका जुन्या साड्या एकावर एक ठेवून कांथा शिवत होत्या. पण एकोणिसाव्या शतकाआधीच्या कांथा आज पाहायला मिळणे फार कठीण. सरदाराची रजई टिकते, कारण ती फार कोणी पांघरत नाही. गरिबाची गोधडी पोरांच्या अंगावर विरून जाते.

म्हणून माझ्या हाती आलेले ते तीन थर मला एखाद्या दप्तरासारखे वाटू लागले.

सगळ्यात वरचा थर नायलॉनच्या साडीचा. तो 1990 नंतरचा असणार. या कापडावर अम्माचा राग होता. सुई सटकते, टाका धरत नाही, उन्हाळ्यात अंगाला चिकटते, अशी तिची तक्रार. पण तोवर घरोघरी सुती लुगडी कमी झाली होती. मधला थर त्याच सुती लुगड्यांचा, गिरणीच्या कापडाचा. मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये कापडगिरणी उभारण्यास सुरुवात केली आणि पुढच्या शंभर वर्षांत गिरणीचे कापड खेड्यापाड्यांतल्या अंगांवर पोचले. जानेवारी 1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा पूर्वीसारखे वाजलेच नाहीत. ते दोन्ही काळ अम्माच्या गोधडीत एकमेकांना टाचलेले निघाले. तळाचा थर हातमागाचा. जाड सुताचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. तो आजीच्या काळचा.

एक गोष्ट या थरांत नव्हती. 1972 च्या दुष्काळातली. अम्मा सांगायची, त्या वर्षी गावात कुणी गोधडी घातली नाही. घालणार कशाची? जुने कापड उरलेच नव्हते, ते अंगावर होते.

माझे आजोबा पिंजारी होते. धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या गाद्यांमधला कापूस पिंजून द्यायचे. त्यांची मजुरी धान्यात का होईना, ठरलेली असे. त्यांच्या घरात आजी उन्हाळ्याचे दोन महिने गोधडीवर वाकून बसे. तिच्या कामाला मजुरी नव्हती. अंगण सारवून त्यावर कापड अंथरायचे, कडेला दगड ठेवायचे, आधी लांब टाक्यांनी सगळे थर टाचून घ्यायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू. चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचे आणि मधोमध संपवायचे. गोधडीत कापूस नसतो, तरी ती ऊब देते. ती ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची आणि त्या जवळजवळ घातलेल्या टाक्यांची.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांच्या बायकाही कवंदी अशीच कडेकडून आत शिवत येतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाची छोटी फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, असे त्या मानतात. ज्या समाजाच्या कहाण्या इतरांच्या कागदपत्रांत फारशा आल्या नाहीत, त्याने आपली खूण कापडावर ठेवली.

ठिगळांना आपल्याकडे मानही मोठा. तथागत बुद्धांनी मगधातली बांध घातलेली शेते दाखवून आनंदाला तशाच तुकड्यांचे चीवर करायला सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. सूफी फकिरांचा ठिगळांचा खिरका प्रसिद्धच आहे. आणि आपले संत नामदेव तर शिंप्याच्या घरातले. पंढरपूरचा हा शिंपी पंजाबपर्यंत पोचला, त्यांची 61 पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. फकिराच्या अंगावरच्या ठिगळाला आपण हात जोडतो. आईच्या हातच्या ठिगळाची मात्र लाज वाटते. हे मी स्वतःवरून सांगतो, पण त्याआधी थोडे शब्दांविषयी.

मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रमानंतर कुणीतरी आपुलकीने विचारतेच, "तुम्ही मुसलमान असून मराठी इतकी चांगली कशी?" पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचो. आता अम्माचा शिवणाचा डबा आठवतो. त्यातली सुई संस्कृत सूचीवरून आलेली. कैची तुर्की. अस्तर, बखिया, गज फारसी. बोटात घालायचे अंगुस्तानही फारसी. रफू आणि खिसा अरबीतून फारसीमार्गे आलेले. बटणाचे काज पोर्तुगीजांचे आणि दोऱ्याचे रीळ इंग्रजांचे. ठिगळ, टाका आणि दोरा घरचे. यातला एक शब्द काढून सदरा शिवून दाखवा. ज्या भाषेच्या डब्यात हे सगळे सुखाने नांदते, त्या भाषेत मी परका कसा असेन?

डब्याच्या शेजारी पुढे मशीन आले. अमेरिकेत आयझॅक सिंगरने 1851 मध्ये आपल्या शिलाई यंत्राचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच त्याच्या कंपनीने ते हप्त्याने विकायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भारतात या यंत्राची विक्री वाढवली ती नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाने. साडी आणि धोतर नेसणाऱ्या देशात शिवणयंत्र विकणे सोपे नव्हते. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानले, कारण ते माणसाचे कष्ट वाचवते. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने बायकांना शिवण शिकवले. त्या शिवणावर किती निराधार बायकांनी घर चालवले, याची मोजदाद कुठल्या वहीत असेल?

आमच्या घरी हाताने फिरवायचे जुने मशीन आले ते कुणाकडून तरी हप्त्याने घेतलेले. अम्मा गल्लीतल्या बायकांची पोलकी, परकर, पोरांची झबली शिवू लागली. गोधडी मात्र तिने शेवटपर्यंत हातानेच घातली. माझी बी. ए. ची फी त्या मशीनवर निघाली.

कॉलेजसाठी मी शहरात वसतिगृहात गेलो, तेव्हा तिने हीच गोधडी ट्रंकेत घालून दिली. खोलीतल्या मुलांकडे छापील चादरी होत्या. मी पहिल्याच आठवड्यात चादर विकत घेतली आणि गोधडी गादीखाली दडपली. दिवाळीच्या सुमारास अम्मा अचानक भेटायला आली. बसताना तिच्या हाताला गादीखालची कड लागली. मला वर बघवेना. ती एवढेच म्हणाली, "अच्छा किया बेटा, नीचे बिछाया. फरशी ठंडी रहती." त्या वाक्यावर मी आजवर एकही कविता लिहू शकलो नाही.

उसवताना तळाच्या थरात हिरव्या लुगड्याचा एक तुकडा सापडला, लाल काठाचा. आजीच्या जाड कापडाला मागाहून लावलेला. आमच्या घरचा वाटेना. थोरल्या आपाला दाखवला, तर तिने लगेच ओळखला. "हे शेजारच्या काकूंचं. तुझ्या छठीला दिलं होतं." तान्ह्या पोराला नवे कापड टोचते. म्हणून शेजारणीने आपले मऊ झालेले लुगडे आणून दिले होते, "भाभी, बाळाला यात गुंडाळा" म्हणून. काकू आता नाहीत, अम्मा नाही. मला पहिली ऊब कुणाच्या लुगड्याची मिळाली, हे कळायला मला वयाची पन्नाशी ओलांडावी लागली.

मुलीने तो तुकडा आत जाऊ दिला नाही. नव्या गोधडीच्या वरच्या बाजूला, बरोबर मधोमध, जिथे दोरा संपतो तिथे तिने तो लावला. टाके थोडे वाकडे आहेत. शेवटचे चार माझे आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)