आखाड्यातून वस्तादपदाकडे : हरिश्चंद्र बिराजदार

कुस्तीचा इतिहास आपल्याकडे बहुधा किताबांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी कोणाला चीत केले, गदा कोणाच्या खांद्यावर गेली, एवढे सांगितले की आपले समाधान होते. तो मल्ल लंगोट सोडल्यावर पुढे काय करतो, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. वास्तविक मल्लाची खरी परीक्षा तेथेच सुरू होते असे आम्हांस वाटते. आपल्या लातूर जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार यांची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

बिराजदारांचा जन्म ५ जून १९५० रोजी निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथे झाला. त्या वेळी निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. पोलीस कारवाई होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. १९५६ साली तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि लातूर जिल्हा निर्माण झाला तो १९८२ साली. या प्रदेशात कुस्ती नव्हती असे नाही. लातूरची सिद्धेश्वराची यात्रा काय किंवा नांदेडकडील माळेगावची खंडोबाची यात्रा काय, फड आणि हलगी यांवाचून ती पुरी होत नसे. परंतु यात्रेचा फड वेगळा आणि बारा महिने चालणारी तालीम वेगळी. फडात नारळावर, रेवड्यांवर कुस्ती धरता येते. खुराक, जोडीदार आणि वस्ताद मिळतो तो तालमीत. कोल्हापुरास शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, खासबागेसारखे मैदान उभारले. आमच्या भागातील होतकरू पोरास असा आश्रय नव्हता. त्याने गाव सोडावयाचे, एवढीच वाट होती. बिराजदारांनी ती धरली आणि ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत दाखल झाले.

१९६९ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातुरास भरले. गाव सोडून गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्याच मुलखात उतरला आणि महाराष्ट्र केसरी झाला. पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांना मिळाला. परंतु आमच्या मते त्यांच्या कुस्तीचे मोठेपण १९७० सालच्या एडिंबरा येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत दिसले. भारताला त्या स्पर्धांत पाच सुवर्णपदके मिळाली, ती पाचही कुस्तीतील होती आणि त्यांतील एक बिराजदारांचे होते.

हे समजण्यासाठी माती आणि गादी यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. हौदातील मातीत तेल, ताक, हळद मिसळून ती मऊ केलेली असते. तेथे जुन्या रीतीप्रमाणे पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते. मल्ल दम राखून, प्रतिस्पर्ध्यास थकवून डाव टाकू शकतो. गादीवर घड्याळ असते, गुण असतात. तेथे थांबून चालत नाही आणि पायाखालचा आधारही वेगळा. मातीत मोठा झालेला मल्ल गादीवर गोंधळतो, हा अनुभव नेहमीचा आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे गादीवर ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले, तेव्हा आपल्या लोकांस या फरकाची पहिली जाणीव झाली. बिराजदार दोन्हीकडे वावरले. एडिंबऱ्याचे पदक गादीवरचे. पण १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालवर मात केली, ती कुस्ती मातीवरची होती. सतपाल त्या वेळी बावीस वर्षांचे, चढत्या उमेदीतले. बिराजदार सत्तावीस वर्षांचे. जुन्या कुस्तीशौकिनांच्या बोलण्यात ती लढत अजून येते.

पुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. बेळगावच्या त्या मातीत समोरासमोर आलेले दोघेही मल्ल पुढे गुरू झाले. सतपाल यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि नंतर सुशीलकुमारसारखा ऑलिंपिकवीर घडविला. बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. शिष्य त्यांना मामा म्हणत. पहाटे उठवावयाचे, जोर-बैठका मोजावयाच्या, कोणाला कोणाशी लढवावयाचे ते ठरवावयाचे, मातीतल्या पोराला गादीची सवय लावावयाची, असे वस्तादाचे काम असते. त्याला हलगी नाही की फेटा नाही. लातूर जिल्ह्यातीलच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे हा मुलगाही त्यांच्याकडेच आला. २००६ साली बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. १४ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

गुरू गेल्यावर शिष्य उघडा पडतो असे म्हणतात. येथे तसे झाले नाही. राहुल आवारे यांना पुढे काका पवारांनी सांभाळले, म्हणजे थोरल्या गुरुबंधूने धाकट्यास हाती धरले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धांत आवारे यांनी सुवर्णपदक जिंकले आणि ते आपल्या दिवंगत गुरूला अर्पण केले. पुढच्याच वर्षी त्यांनी जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. एडिंबऱ्याच्या पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच स्पर्धांतील सुवर्ण त्याच परंपरेत पुन्हा आले. एका माणसाची कुस्ती एवढी वर्षे टिकत नाही, त्याची शिकवण टिकते.

मात्र या अभिमानात एक टोचणी आहे, ती लपविणे बरे नाही. निलंग्याचा मुलगा कोल्हापुरास गेला. त्याच्यामागून लातूरचा, बीडचा मुलगा पुण्यास गेला. गुरू आमचा, शिष्य आमचे, तालीम मात्र परगावची. बिराजदारांनी पुण्यात आखाडा धरला याबद्दल त्यांना बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नाही. जेथे जोडीदार आणि आश्रय आहे तेथेच वस्ताद बसणार. प्रश्न आम्हां गावकऱ्यांचा आहे. यात्रेच्या एका दिवसाच्या फडासाठी आपण हौसेने वर्गणी देतो. वर्षभर चालणाऱ्या तालमीसाठी, तेथील चार पोरांच्या दुधासाठी, एका वस्तादाच्या पोटासाठी आपण काय देतो? मरणोत्तर गौरवाची सभा सोपी असते. सिद्धेश्वराच्या आणि माळेगावच्या यात्रेत कुस्ती जिंकलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पहाटे मेहनतीसाठी आपल्याच गावातील आखाड्यात जाऊ शकला, तर बिराजदारांचे ऋण काही अंशी तरी फिटले असे म्हणता येईल.