बादलीमागची विद्या : प्लास्टिक तंत्रज्ञांच्या शिक्षणाचा इतिहास



गेल्या वर्षी पालक सभेत एका गृहस्थांनी मला विचारले, "सर, बादल्या बनवायला शाळा कशाला हवी? माझ्या मेव्हण्याकडे दोन मशिनी आहेत. पोरगा महिनाभर उभा राहिला की शिकेल." त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. मी इतिहासाचा शिक्षक, तेव्हा ते उत्तर आज इतिहासातूनच देतो.

प्लास्टिकची गोष्ट हस्तिदंतापासून सुरू होते. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महाग होऊ लागले तेव्हा १८६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या एका कंपनीने त्याला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हायट हा छापखान्यातला कारागीर त्या शोधाला लागला. कापसावर नत्राम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ त्याने कापरात मिसळला आणि उष्णता व दाब देऊन साच्यात बसवला. हेच सेल्युलॉइड. मय्यतीच्या गुस्लमध्ये आपण जो काफूर वापरतो तोच हा कापूर. इंग्रजांचा 'कॅम्फर' हा शब्दही अरबी 'काफूर'वरूनच गेलेला आहे. १८७२ साली हायट बंधूंनी तापलेल्या नळीतून माल दट्ट्याने साच्यात ढकलणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आजच्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनचा मूळपुरुष तो.

दुसरा माणूस मला अधिक जवळचा वाटतो. लिओ बेकेलँड १८६३ साली बेल्जियममधील गेंट शहरात जन्मला. वडील जोडे दुरुस्त करीत, आई लोकांच्या घरी काम करी. मुलगा शहराच्या म्युनिसिपल तंत्रशाळेत शिकला, शिष्यवृत्तीवर विद्यापीठात गेला आणि एकविसाव्या वर्षी रसायनशास्त्राचा डॉक्टर झाला. पुढे अमेरिकेत १९०७ साली त्याने फेनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकेलाइट तयार केले. आपल्या जुन्या घरांतील काळे विजेचे स्विच आठवा, ते याचेच. सेल्युलॉइड तापवले की मऊ होते, बेकेलाइट एकदा कडक झाले की पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसे. प्लास्टिकच्या या दोन जाती ओळखणे हा आजही या विद्येचा पहिला धडा आहे. जोडे शिवणाऱ्याच्या घरातला मुलगा तंत्रशाळेत गेला नसता, तर हा धडा दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लागला असता.

आपल्या देशात पॉलिस्टायरिनचे उत्पादन १९५७ साली सुरू झाले, १९५९ साली पॉलिथीनचे, १९६१ साली पी.व्ही.सी.चे. मुंबईच्या गल्लीबोळांतील गाळ्यांत हातमशिनींवर कंगवे, बटणे, खेळणी निघू लागली. शिक्षण उस्ताद आणि शागिर्द या जुन्या पद्धतीचे. उस्ताद दाणा चिमटीत घेऊन, धुराचा वास घेऊन, नळीला हात जवळ नेऊन अंदाज बांधी. या हुनराला मी कमी लेखत नाही. हातमाग, जरीकाम, कातडीकाम, आपल्या कितीतरी घरांचा चरितार्थ याच पद्धतीने चालला.

पण प्लास्टिकला अंदाज पुरत नाही. पॉलिप्रॉपिलीन साच्यात भरण्यासाठी साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. नायलॉन हवेतला ओलावा शोषून घेते. तो न सुकवता मशीनमध्ये टाकला तर वस्तूवर चंदेरी रेघा उठतात आणि ती ठिसूळ होते. पी.व्ही.सी. जास्त तापले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो माणसाच्या छातीला वाईट आणि पोलादी डायलाही वाईट. डाय गंजली म्हणजे मोठी रक्कम गेली. माल पूर्ण भरला नाही, कडेला पापुद्रा आला, थंड होताना खड्डा पडला, अशा प्रत्येक दोषामागे तापमान, दाब, वेळ किंवा साचा यांपैकी काहीतरी असते. उस्तादाला एका मालाचे कारण ठाऊक असते. दाणा बदलला की तोही अडतो.

ही अडचण सरकारच्याही लक्षात आली होती. १९६८ साली, ज्या वर्षी उच्च घनतेच्या पॉलिथीनचे उत्पादन देशात सुरू झाले त्याच वर्षी, मद्रासच्या गिंडी भागात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिपेट ही संस्था उभी राहिली. आज तिच्या शाखा अनेक राज्यांत आहेत. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि चंद्रपूर येथे. दहावीनंतर तीन वर्षांचे दोन डिप्लोमा आहेत. एक प्लास्टिक तंत्रज्ञानाचा, दुसरा साचे बनवण्याचा. बी.एस्सी. झालेल्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. काही आय.टी.आय.मध्ये प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटरचा ट्रेड आहे आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते.

तांत्रिक शिक्षण आपल्याला नवे आहे असेही नाही. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामने १९५८ सालीच भायखळ्याला साबू सिद्दीक पॉलिटेक्निक उभे केले.

आता तुम्ही म्हणाल, प्लास्टिकवर तर बंदी आली. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने पिशव्यांवर आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर बंदी घातली, हे खरे. पाण्याचे पाइप, ठिबकच्या नळ्या, इंजेक्शनच्या सिरिंज, मोटारींचे भाग यांवर ती नाही. उलट भंगार प्लास्टिकचे काय करायचे, हा प्रश्न मोठा झाला आहे. मालेगावला भंगार प्लास्टिक दळून, वितळवून पाइप काढणारे कारखाने आहेत. धारावीतही हेच काम चालते. दोन्ही ठिकाणी हात बहुतेक आपल्याच मुलांचे. दोन जातींचे प्लास्टिक एकत्र वितळले की पाइप कच्चा निघतो. कोणते कशात मिसळत नाही आणि का, हे त्या मुलांना कोणी शिकवलेले नसते.

माझा एक माजी विद्यार्थी नऊ वर्षे अशाच एका कारखान्यात हेल्पर आहे. मशीन अडली की तो बाजूला उभा राहतो आणि बाहेरून बोलावलेला माणूस येऊन ती 'सेट' करतो. तो माणूस त्याच्याहून चार वर्षांनी लहान आहे. दहावीनंतर डिप्लोमा केलेला. "सर, तो फक्त तीन आकडे बदलतो," असे त्याने मला सांगितले. त्या सांगण्यात तक्रार नव्हती. कोणते तीन, एवढे त्याला जाणून घ्यायचे होते.

सभेत प्रश्न विचारणारे गृहस्थ परवा पुन्हा भेटले. मुलगा यंदा दहावीला आहे, गणितात बरा आहे. संभाजीनगरला राहण्या-जेवण्याची सोय कशी असते, असे विचारत होते. चौकशी करून कळवतो, असे मी त्यांना सांगितले आहे.