उत्तराची खातरजमा करणारा विभाग : स्वान्सीची वाटचाल

वेल्समधील स्वान्सी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या सिव्हिल इंजिनिअरिंग विभागाची सूत्रे १९६१ मध्ये ओलेक झेन्क्येविच यांच्याकडे आली. फायनाइट एलिमेंट पद्धत तेव्हा बाल्यावस्थेत होती. विमानाच्या पंखांचे गणित सोडवताना अमेरिकेत ती आकाराला आली आणि १९६० मध्ये बर्कलेच्या रे क्लफ यांनी तिला हे नाव दिले. गुंतागुंतीच्या आकाराचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडायचे, प्रत्येकाची समीकरणे मांडायची, जोडबिंदूंपाशी, म्हणजे नोडपाशी, ती जोडायची आणि सगळी मिळून संगणकावर सोडवायची, ही तिची रीत.

स्वान्सीने ती विमानापुरती राहू दिली नाही. धरणांच्या विश्लेषणाबरोबरच, १९६५ मध्ये झेन्क्येविच आणि यॉ-काय च्युंग यांनी उष्णतावहनासारखे प्रश्नही याच पद्धतीने सोडवता येतात, हे दाखवून दिले. १९६७ मध्ये या दोघांचे पुस्तक आले. या विषयाचे हे पहिलेच पाठ्यपुस्तक. पुढच्या आवृत्त्यांत बर्कलेचे रॉबर्ट टेलर सहलेखक झाले आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यावर अभ्यास केला. १९६९ मध्ये झेन्क्येविच यांनी रिचर्ड गॅलघर यांच्यासह या विषयासाठी आंतरराष्ट्रीय नियतकालिकही सुरू केले.

मात्र स्वान्सीचे सर्वांत मोलाचे काम उत्तराच्या खातरजमेचे आहे. प्लेटच्या वाकण्यासाठी तयार केलेला एक त्रिकोणी एलिमेंट तुकड्यांच्या जाळीच्या एका मांडणीत अचूक उत्तर देई, दुसऱ्या मांडणीत चुकत असे. झेन्क्येविच यांचे सहकारी ब्रूस आयर्न्स यांनी त्यावर साधी कसोटी काढली : वेड्यावाकड्या आकाराचे मोजकेच एलिमेंट जोडा, कडेच्या नोडना एकसमान ताणाशी जुळणारे विस्थापन द्या. आतही तोच ताण सगळीकडे सारखा मिळाला, तर एलिमेंट पास. ही ‘पॅच टेस्ट’ १९६५ पासून आजतागायत वापरात आहे. १९८७ मध्ये झेन्क्येविच आणि झू यांनी एक पाऊल पुढे टाकले. शेजारच्या एलिमेंटांच्या सीमेवर ताण (स्ट्रेस) उडी मारतो. तो सलग करून मूळ उत्तराशी ताडून पाहिला, तर चूक कुठे आणि किती, याचा अंदाज येतो. जाळी कुठे बारीक करायची, हे त्यावरून ठरते.

आपल्या पवईशीही या विभागाचा धागा जुळला आहे. आयआयटी मुंबईचे तरुण कांत यांनी रॉजर ओवेन आणि झेन्क्येविच यांच्यासह १९८२ मध्ये प्लेटच्या वाकण्यासाठी उच्चक्रमी एलिमेंट मांडणारा निबंध प्रसिद्ध केला.

झेन्क्येविच १९८८ मध्ये निवृत्त झाले, पण काम थांबले नाही. ‘थ्रस्ट एसएससी’ या जेट मोटारीभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचे गणित स्वान्सीत झाले. ध्वनीचा वेग गाठताना मोटार जमिनीवरून उचलली गेली तर? त्यामुळे नुसत्या आकड्यांवर विसंबणे शक्यच नव्हते. वेल्समध्येच पेंडाइन येथे रॉकेटने पळवलेल्या प्रतिकृतीच्या चाचण्या घेऊन ते आकडे ताडून पाहिले गेले. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात या मोटारीने ताशी सुमारे १,२२८ किलोमीटर वेग गाठून जमिनीवर ध्वनीची मर्यादा ओलांडली.

झेन्क्येविच २००९ मध्ये गेले. आज विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर रंगीत स्ट्रेस-आलेख काही मिनिटांत उमटतो. तो रिपोर्टला जोडण्याआधी जाळी बारीक करून गणित पुन्हा एकदा चालवा आणि उत्तर बदलते का ते पाहा. स्वान्सीकडून घ्यायचा धडा हाच आहे.