रूट ६६ : परित्यक्त टप्पे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक इतिहासप्रसिद्ध महामार्ग. शिकागो–लॉस अँजेल्स यांदरम्यानचा, आठ राज्यांतून जाणारा हा मार्ग १९२६ मध्ये निश्चित झाला. गावोगावचे उपलब्ध रस्ते सांधून तो तयार केल्याने प्रारंभी वळणावळणाचा होता. १९३८ पर्यंत तो पूर्णपणे पक्का झाला. सुधारणांच्या ओघात मूळ टप्पे वेळोवेळी वगळण्यात आले. उदा., १९३७ मध्ये न्यू मेक्सिकोतील सँता फे शहराचा वळसा टाळण्यात आला.

१९५६ च्या कायद्यानुसार आंतरराज्य द्रुतमार्ग बांधले जाऊ लागले. त्यांनी गावे टाळली आणि वाटसरूंवर अवलंबून असलेले पेट्रोलपंप, खाणावळी व मोटेल बंद पडत गेली. कॅलिफोर्नियातील अँबॉय १९७३ मध्ये एकाकी पडले. टेक्सस–न्यू मेक्सिको सीमेवरील ग्लेनरीओ ओस झाले. १९८५ मध्ये महामार्गाचा क्रमांकच रद्द करण्यात आला.

अशा टप्प्यांचा शोध घेताना जुने नकाशे व प्रत्यक्ष अवशेष यांची सांगड घालावी लागते. पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात जुन्या तारायंत्राच्या खांबांची रांगच लुप्त रस्त्याची दिशा दाखविते. ओक्लाहोमात मायॅमी व ॲफ्टन यांदरम्यान १९२२ मध्ये बांधलेला, अवघा नऊ फूट (सु. २·७ मी.) रुंदीचा टप्पा अवशिष्ट आहे. समोरासमोर आलेल्या वाहनांना तेथे चाके कडेच्या मातीत उतरवावी लागत. वापरातील रस्त्यांवर रुंदीकरणाने असे पुरावे पुसले गेले. ज्या उपेक्षेने गावांची उपजीविका हिरावली, तिनेच रस्त्याचे मूळ रूप राखले. १९९९ मध्ये त्याच्या जतनार्थ केंद्रीय कायदा झाला. गेलेला व्यवसाय मात्र बहुतेक गावांना परत मिळाला नाही.