सिरोंच्यात कोको पिकेल का?

प्रश्न जरा वेडगळ आहे, मान्य! पण उत्तर शोधता शोधता इतिहासात शिरावं लागलं.

जमीन कुठल्या पिकाला योग्य हे ठरवायची चौकट जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७६ साली छापली. त्यातली सोपी पद्धत आपल्या प्रोग्रामर मंडळींना लगेच कळेल: सगळ्या अटी 'अँड'ने जोडायच्या, एक हुकली की निकाल खाली.

कोकोला विषुववृत्तापासून वीसेक अंशांच्या आतला पट्टा लागतो. सिरोंचा १९च्या आत, म्हणजे काठावर पास. पण दमट हवा हवी, कोरडे महिने तीनच्या वर नकोत. इथे अर्धं वर्ष कोरडं, मे महिन्यात पारा ४५ला भिडतो. नापास!

गंमत पुढेच आहे. याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, आंध्रच्या पश्चिम गोदावरी भागात, नारळ आणि ऑइल पामच्या सावलीत कोको होतो. ऊन तिथेही कडकच. पण सावली आहे, सिंचन आहे.

तिकडे धवळेश्वरमचा बंधारा १८५२ साली झाला, कालवे शेतात गेले. सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय असताना इंग्रजांनी इथली नदी बोटींसाठी खुली करायला घेतली आणि १८७१ साली तेही सोडलं. २०१९ साली मेडीगड्डा बॅरेज आलं. पाणी तेलंगणासाठी, बुडालेल्या शेतांची तक्रार सिरोंच्याची.

त्या चौकटीत दोन रकाने असतात: आजची योग्यता आणि सुधारणेनंतरची. कोको राहू दे हो, पण इथल्या धान-मिरचीचासुद्धा दुसरा रकाना पाण्यावरच अडलाय. बघा पटतंय का.